मागाच्या खड्ड्यातली वाइन

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मोहाडीतल्या आमच्या घरचा माग तेव्हा बंद पडला होता. बाबांच्या करवती काठाला गल्लीत तोड नव्हती, पण कोशाच्या रेशमाचं काम मिळेनासं झालं आणि त्यांनी माग सोडून ठेवला. उरला तो जमिनीतला खड्डा, विणणाऱ्याने पाय सोडून बसायचा. त्यात बाबा जांभळाची वाइन मुरवत ठेवत. आईला दारूचं नाव घरात चालत नसे, म्हणून आम्ही सगळे त्या वाइनला रस म्हणायचो. आईही म्हणायची, आणि सर्दी झाली की दोन घोट घ्यायची.

जांभळं करडी गावाहून यायची. रस आंबून शांत झाला की बाबा तो काचेच्या बरणीत भरत, बुचावर मेण ओतत आणि बरणी खड्ड्यात उतरवत. वाकून पाहिलं की गार माती आणि जांभूळ असा मिळून वास यायचा. तो वास मला अजून हवा असतो. पुढच्या हंगामात बाबांच्या बरोबरीचे तीन जुने विणकर चव घ्यायला येत. कापडातली चूक शोधावी तसे पेल्यात बघत बसत आणि शेवटी कुणीतरी म्हणे, हात तोच आहे. माग गेल्यावर बाबा वर्षभर त्या एका वाक्यावर जगत. हे मला चांगलं ठाऊक होतं.

तरी त्या मे महिन्यात मी शहाणपणा केला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, घरात पहिला कूलर मी आणला होता आणि त्याचा तोरा अंगात होता. खड्ड्यात मुरूम भरून वर फरशी बसवायचं मीच ठरवलं. बाबा नाही म्हणाले नाहीत. फक्त बरणीकडे बघत बोलले, "थोडी गरम रायली तरी चालते तिले. वरखाली नाई चालत. खड्ड्यात दिवस अन् रात सारखीच रायते."

मी त्यांना समजावलं की थंड हवेत वाइन जास्त चांगली मुरते, पुस्तकात तसंच लिहिलंय. असं पुस्तक मी बघितलंही नव्हतं. खड्डा बुजवला आणि बरणी कूलरसमोर ठेवली.

तेव्हा लाइट दिवसातून दोन-तीनदा जायची. कूलर चालू असेस्तोवर बरणी गार लागे, बंद पडला की टिनाखालची ती खोली नुसती भट्टी. तापला की रस फुगून बूच वर ढकलायचा, निवला की बसायचा आणि बाहेरची हवा आत ओढून घ्यायचा. मेणाला चीर गेलेली मला एकदा दिसली. ती मी अंगठ्याने दाबली आणि कुणाला बोललो नाही.

नवी जांभळं आली, तिघे आले. बाबांनी बूच काढलं तसा आंबट वास खोलीभर पसरला. पहिल्याने घोट घेऊन पेला खाली ठेवला. बाकीच्यांनी ओठाला लावल्यासारखं केलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मायाच हात बिघडला," ते म्हणाले. "वय झालं आता."

तिघांनी हळूच माना हलवल्या. त्यांना ते खरं वाटलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. मी सगळ्यांसाठी पाणी आणायला आत गेलो.