इंजिनाखालून ट्रक

चौथा बोल्ट मी काढलाच नव्हता. हे आजवर कोणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. आता मिस्त्रीच राहिले नाहीत, म्हणून सांगतो.

वालीवच्या गॅरेजांच्या गाळ्यांमधून कधी गेला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. भोकाभोकांचा बनियन, खांद्यावर चेनपुली आणि समोरच्या इंजिनाशी चाललेलं बोलणं. "ये बाय, हलू ये." बाळंतपणाला आलेल्या लेकीला रिक्षातून उतरवावं तसं ते इंजिन उतरवायचे.

गॅरेजात प्रत्येक बोल्ट स्वतः चाचपायचे. कोणाच्या घरी मात्र मालकाला फक्त विचारायचे. "तुमच्या अंगनात तुमचा शबुद. तो तपासला तर मी पाव्हना कसला?"

नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत केळी नेणारा जुना ट्रक होता. त्याचं इंजिन उतरवायचं होतं. मिस्त्री आदल्या दिवशी येऊन बाकी सगळं सोडवून गेले. इंजिन चासीला धरून ठेवणारे चार बोल्ट तेवढे मी काढतो, असं मी पाहुण्या आलेल्या सासरच्या मंडळींसमोर मिरवलं होतं. तीन निघाले. चौथा गंजून बसला होता. पाना सटकला, बोटं सोलली, मेव्हणा फिसकन हसून आत गेला. मी पाना ठेवून दिला आणि घरात चारही निघाले म्हणून सांगितलं.

सकाळी मिस्त्रींनी तीन पाइपांची उंच तिवई उभी केली, साखळी अडकवली आणि विचारलं, "चारी निंगाले ना, दादा?"

"निघाले, काका."

ते ओढू लागले. इंजिन उठलं, पण त्याच्यामागे ट्रकही उठला. पुढची चाकं त्यांच्यामागे अडकवलेल्या दगडांच्याही वर आली.

"आरं, ही तर सगला गोतावला घेऊन निंगाली!"

तेवढ्यात खाडकन बोल्ट तुटला. इंजिन जागच्या जागी झोके घेत राहिलं. ट्रक धपकन दगडांच्या पलीकडे पडला आणि, हातब्रेक नावापुरताच असल्याने, शांतपणे उतारावरून मागे मागे जात बावखलाच्या तळ्यात उतरला. बदकं शिव्या देत पाण्याबाहेर आली.

"इंजीन काढायचं होतं ना?" मिस्त्री म्हणाले. "निंगालं."

आवाज ऐकून बाहेर धावलेल्या सासऱ्यांना हसू येईना. "असं कसं झालं हो, मिस्त्री?"

त्यांनी तुटका बोल्ट उचलून पाहिला. मग माझी सोललेली बोटं पाहिली. बोल्ट बावखलात भिरकावला.

"चूक माजी. चौथा बोल्ट सकाली आधाराला मीच परत लावलेला, काढायचा रायला."

आणि मी, ऐका, मी मोठ्या मनाने म्हणालो, "जाऊ द्या काका, होतं कधी कधी."

वालीवच्या टपरीवर मग रोज हाक यायची, "मिस्त्री, इंजिनाखालून ट्रक काढायचाय, येता काय?" तेही हसायचे. पण लोकांच्या घरची कामं तुटत गेली. कोणी बोलावलंच, तर मालकाने हो म्हटल्यावरही टॉर्च घेऊन ट्रकखाली आडवे व्हायचे. पाहुणेपणाची ती गोष्ट पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

त्यांच्या बाराव्याला हा किस्सा सांगितला कोणी? मीच. बदकांसकट. मांडवात सगळे डोळे पुसत हसले. मिस्त्रींची बायको, आमच्या काकी, त्याही हसल्या. मग पदर तोंडाला लावून माझ्याकडे वळल्या.

"ते कदी काय विसरायचे नाय रे. तोच येक बोल्ट कसा विसरले?"

मी ताटातला लाडू मोडत बसलो.

काकींना मी अजून या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो.