एका ओळीलाही कंस

दिगंबर गेल्याचं कळलं तेव्हा मी घाटकोपरच्या आमच्या खोलीत दाढी करत होतो. खालच्या दुकानात फोन आला. काविळीने हॉस्पिटलात होता, पण चाळिशी न गाठलेला माणूस असा जाईल असं वाटलं नव्हतं... अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. माझा पुतण्या. भाऊ लवकर गेला म्हणून मीच वाढवलेला. मी चौथी शिकलेला, मिलमधला फिटर. तो अंधेरीच्या कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा, सी नावाच्या भाषेत.

जेवताना मला समजवायचा. "काका, अमुक झालं तर तमुक कर, असं मशीनला सांगायचं. ते तमुक महिरपी कंसात बांधायचं. एकच ओळ असली तरी." कंपनीतले हसायचे. पडद्यावर चोवीस ओळी मावतात, त्यात तुझे कंस जागा खातात, म्हणायचे. शेवटी साहेबाने ते काढायला लावले.

"काढलेस?"

"काढले. नोकरी आहे ना."

मला चीड आली. फोरमन ओरडला तरी मी वॉशरशिवाय नट आवळला नाही कधी.

मग व्हायचं तेच झालं. एका कारखान्याच्या बॉयलरचं काम होतं. दिगंबरने लिहिलेलं, पाणी कमी असेल तर घंटा वाजव. साहेबाने स्वतः त्याखाली दुसरी ओळ ठोकली, बॉयलर बंद कर. दिसायला दोन्ही एकाखाली एक. पण कंस नाही, म्हणून मशीनने अट पहिल्या ओळीपुरतीच धरली. पाणी भरलेलं असो नसो, बॉयलर बंद. फाइलीच्या माथ्यावर नाव दिगंबरचं, म्हणून ठपका त्याच्यावर. साहेब गप्प. हाही गप्प.

"सांग की रे तोंडावर."

"काका, सगळ्यांना माहीत आहे."

माहीत असून बोलत नाहीत, अशा माणसांची मला किळस येते.

तेराव्याला तोच साहेब हार घेऊन आला. सुनेसमोर म्हणाला, आता कंपनीत नियमच केलाय, एका ओळीलाही कंस. भिंतीवर कागद लावलाय. कोणाचं नाव नाही त्यावर. वर दिगंबर घरी प्रोग्राम आधी हाताने लिहून काढायचा ती वही मागितली, नव्या लोकांना शिकवायला.

मी म्हटलं, "आधी लिहून दे, ती दुसरी ओळ तुझी होती."

"आता त्याचा काय उपयोग, काका?"

"त्याची पोर वाचेल."

चहा न पिता गेला. त्याचा कागद अजून आलेला नाही. वही फळीवर आहे. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण रोज एखादं पान उघडतो. उघडणारा कंस दिसला की मिटणारा सापडेपर्यंत बोट खाली नेतो... एकदाही हुकलेला नाही.