आमच्या मैदानावरच्या बेसबॉलचा जनक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, हे तिच्या हातचा चहा प्यायलेल्या कुणालाही विचारा. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी निवृत्त पीटी मास्तर. मनीषनगरात राहतो, सकाळी फिरतो, कार्यक्रमांना बोलावलं की जातो. बोलावतात फार. ‘आपल्या भागातल्या बेसबॉलचे जनक’ म्हणून. जनक! हा शब्द उच्चारताना सूत्रसंचालकाचा गळा दाटून येतो, आणि बॅट कुठल्या टोकाला धरायची हेही ज्यांना ठाऊक नाही ती मंडळी टाळ्या वाजवतात. मी नम्रपणे मान लववतो. छान जमतं मला ते.

मग मी भाषण ठोकतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा खेळ कसा वाढला — कारकून, दुकानदार, आग विझवणारे लोक काम आटोपून मोकळ्या जागेत जमायचे, प्रत्येक गावाचे नियम निराळे, कुठे तर पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. शेकडो अनाम लोकांनी वाढवलेला खेळ! आणि पुढच्यांनी काय केलं? कुणा एका लष्करी साहेबाला धरून जनक ठरवून टाकलं. इथे मी थांबतो, लोक हसतात. त्या मूर्खांना मीही मनसोक्त हसतो. कुठल्या तोंडाने?

आमच्या शाळेत सुखदेव नावाचा शिपाई होता. सक्करदऱ्याला राहायचा. वर्षातून एकदाच हक्काने रजा मागायचा — दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला. शाळेला कधीतरी बेसबॉलच्या साहित्याची पेटी मिळाली होती. मी पोच लिहून दिली आणि ती भांडारात टाकली. मैदानाच्या तासाला मुलांना मोकळं सोडून झाडाखाली खुर्ची टाकायची, ही माझी क्रीडासेवा. पेटी उघडली सुखदेवने. आतली इंग्रजी नियमपुस्तिका शब्दकोश घेऊन त्याने उलगडली, आणि शाळा सुटल्यावर मुलांना शिकवायला लागला.

आमच्या मैदानाच्या उजव्या अंगाला उघडा नाला. चेंडू मारल्यावर आधी जिथे पळायचं, तो पहिला बेस असतो उजवीकडे. मुलं नाल्यात पडू नयेत म्हणून सुखदेवने तो डावीकडे मांडला, आणि मुलं उलटी पळायला शिकली. मला ते रोज दिसत होतं. पण चूक दाखवायची, तर आधी नियम माहीत हवेत ना?

पहिल्याच बाहेरच्या सामन्यात आमचा पोरगा चेंडू जोरात मारून डावीकडे सुसाट सुटला. सगळं मैदान लोळून हसलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, हे शिकवलं कोणी?

खरं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न मला होता — मग मास्तर काय करत होते? मी म्हणालो, मी बरोबरच शिकवलं होतं, माझ्या गैरहजेरीत त्या शिपायाने घोळ घातला. मुख्याध्यापक म्हणाले, ‘ह्या लोकांना’ जरा मोकळीक दिली की असंच होतं. ह्या म्हणजे कोणत्या, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी मान डोलावली.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडे काही झालं की लेखी खुलासा लागतो. तो मी सुखदेवला बसवून सांगितला, शब्द न् शब्द — सरांनी दिलेले शिक्षण मी चुकीच्या पद्धतीने मुलांना सांगितले, यापुढे मैदानावर जाणार नाही. त्याने पेन थांबवलं.

“सर, मैदानात काहून नाही जायचं? नियम चुकला असंन तर सुधरवतो नं मी.”

“सही कर गा,” मी म्हणालो. नोकरीचं नाव काढलं. त्याने सही केली. त्या मैदानावर तो परत कधी आला नाही. संध्याकाळी मुलांचा आरडाओरडा सुरू झाला की हा ऑफिसच्या खिडक्या लावून घ्यायचा.

मुलांना फेकणं, झेलणं, मारणं सगळं त्याने शिकवलेलंच होतं. मी फक्त बेस उजवीकडे नेला. पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो, पेपरात माझा फोटो आला आणि जनक जन्माला आला. थू!

गेल्या महिन्यात असाच एक सत्कार झाला. नंतर एक बाई भेटायला आली. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते म्हणाली. सुखदेवची मुलगी. सुखदेव वारल्याचं मला तेव्हा कळलं. ती पाया पडायला वाकली.

“बाबा नेहमी सांगायचे सर, ‘मले हा खेळ आमच्या सरांनीच शिकवला.’ तुम्हाले एकदा पाहायचं होतं.”

घरातही सुखदेव तो खुलासाच सांगत राहिला. स्वतःच्या लेकीला. ती माझ्याकडे पाहत होती, वडिलांबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता, ऐकणारंही कुणी नव्हतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “हो. शिकवलं की लवकर शिकायचा.”