पुडीवर काहीच लिहिलं नव्हतं

दुसऱ्या डेमो लेक्चरला मी फळ्यावर ‘मूलभूत हक्क’ एवढे दोनच शब्द लिहिले आणि शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच. रुमाल लावला, पाठ फिरवली, डोळे पुसून समोर आले, “भारतीय राज्यघटनेच्या” एवढं म्हणाले आणि पुन्हा सुरू. निवड समितीत चार जण होते. चौघांनी आधी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. खिडकीजवळ जाड भिंगांचा चष्मा लावून बसलेले सर म्हणाले, “मॅडम, शिंकण्याचा हक्क कितव्या कलमात येतो?” बाकीचे तिघं हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला शिंकांपेक्षा जास्त दिवस पुरली.

आधीच्या वर्षीही असंच झालं होतं. आमच्या कॉलेजात मुलाखती गणपती उठल्यावर लागायच्या आणि माझं नाक बरोबर त्याच दिवसांत बसायचं. मी तिथं तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही आहात, नाही घेतला तर नाही. पावसाळा सरला की दिवाळीपर्यंत मी अर्धीमुर्धीच असायचे.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी ऑगस्टमध्येच बोलावून सांगितलं, “ही पूर्णवेळ जागा यंदा भरली नाही तर रद्द होणार. वीस मिनिटं बोलायचंय तुम्हाला, जास्त नाही. यंदा तरी नाक घरी ठेवून या.”

वीस मिनिटं. मला आयुष्याकडून तेवढंच हवं होतं.

ज्याला हे होत नाही त्याला ते सर्दी वाटते. सर्दी चार दिवसांत जाते. हे जात नाही. सकाळी जाग येते तीच टाळूला आतून सुटलेल्या खाजेनं, आणि तिथं बोट पोचत नाही. कानाच्या आत कुणीतरी काडी फिरवतंय असं वाटतं. डोळे लाल, नाकाच्या कडा सोललेल्या, वास मेलेला. माणूस दुःखी नसताना दिवसभर रडतो आणि लोक हलक्या आवाजात विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना.

कारण मला माहीत होतं. सिडकोतल्या आमच्या घरापासून वाळूजच्या रस्त्यापर्यंत जेवढे रिकामे प्लॉट होते, तेवढ्यांत कमरेएवढं गाजर गवत वाढायचं आणि पावसाळ्याच्या शेवटाला त्यावर बारीक पांढरी फुलं यायची. प्लॉटचे मालक पुण्यात, गवत आमच्या नाकात. मी त्यावर महापालिकेत तीन अर्ज दिले. एका रविवारी आम्ही दहा जणांनी एक अख्खा प्लॉट उपटून काढला, गवत ऐन फुलावर असताना, उघड्या हातांनी. आठवडाभर माझे डोळे उघडले नाहीत. पुढच्या पावसात गवत परत होतं आणि माझे अर्ज कुठल्या तरी टेबलावर होते.

माझं बालपण पत्रकांत गेलं. बाबा वाळूजच्या कारखान्यात कामाला होते. कामगारांची पत्रकं तेच लिहायचे, छापून आणायचे आणि उरलेल्या कागदांची कव्हरं माझ्या वह्यांना घालायचे. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी वाचले. देवघराच्या जागी आमच्याकडे गठ्ठे होते. आणि बाबांचा एक नियम होता: “ज्याच्यावर काय हाय ते लिव्हलेलं नाय, ते तोंडात घालायचं नाय. आन लिव्हलेलं असंल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं.”

एकोणिसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. आमच्या गल्लीतल्या एका काकू गुडघेदुखीसाठी बाजारातल्या कुणाकडून तरी कागदात बांधलेल्या पुड्या आणायच्या. गुडघे जादूसारखे दुखायचे थांबले. वर्षभरात त्यांचा चेहरा पुरीसारखा फुगला, जरा धक्का लागला तरी हातावर काळेनिळे डाग पडायला लागले. दवाखान्यात कळलं, पुडीत स्टेरॉईड होतं. मी चार पानी पत्रक काढलं: ‘पुडी घेणाऱ्यांनो, जागे व्हा’. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: ‘पुडीने येणारा आराम हा औषधाचा नसून तुमच्या अज्ञानाचा आहे.’ बसस्टँडवर मी ते स्वतः वाटलं होतं.

त्यामुळे माझ्या शिंकांवरची औषधंही बाबांच्या नियमातून गाळूनच शोधायची. आईनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून दिली, वाफ दिली, हळद-गुळाच्या गोळ्या दिल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शहागंजात एका म्हाताऱ्या अत्तारांचं जडीबुटीचं दुकान होतं. त्यांनी काढ्याची एकेक वस्तू माझ्यासमोर ठेवून नाव सांगितलं: मुलेठी, उन्नाब, बनफशा. नियमात बसलं. मी म्हटलं, “चाचा, याने शिंका थांबतील?” ते म्हणाले, “बेटी, गला खुलेगा. छींक तो गवत की है, मैं गवत नहीं बेचता.” इतका प्रामाणिक दुकानदार मी दुसरा पाहिला नाही, पण प्रामाणिकपणानं नाक उघडत नाही. ॲलर्जीच्या गोळीनं शिंका निम्म्या व्हायच्या आणि मी पूर्ण झोपायचे. एकदा वर्गात हजेरी घेता घेता टेबलावर डोकं टेकलं. मुलांनी उठवलं नाही. तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही बिमार आहेत म्हणून आम्ही गडबड नाही केली.”

सप्टेंबरच्या सुरुवातीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि नाकात मारायचा एक स्प्रे लिहून दिला. “रोज सकाळी, दोन्ही नाकपुड्यांत. पहिल्याच दिवशी फरक पडला नाही म्हणून सोडायचा नाही. याला जोर धरायला आठ-पंधरा दिवस लागतात. शिंक आली म्हणून मारायचा नाही, येऊ नये म्हणून मारायचा. आणि त्याच्याआधी मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं.”

संध्याकाळी घरी खोकं उघडलं. आत घडी घातलेला पातळ कागद होता, उलगडला तर हातभर, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. पत्रकावर वाढलेल्या घरात असा कागद फेकला जात नाही. बाबांनी भिंग आणलं. मी वाचत होते, अर्थ सांगत होते, ते खुर्ची ओढून ऐकत होते. तिसऱ्या ओळीत तो शब्द आला. मी थांबले.

“पुन्यांदा वाच,” बाबा म्हणाले.

“कॉर्टिकोस्टेरॉईड.”

“म्हंजी तेच.”

“तेच.”

मग दुष्परिणाम वाचले. नाकातून रक्त, डोकेदुखी, डोळ्यांचे विकार, आणि असंच बरंच. ओळ संपेना. बाबांनी भिंग खाली ठेवलं. “आपून लोकायला जे घेऊ नका म्हणलो, ते आपल्याच घरात?” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मी खोकं बंद करून गठ्ठ्यांवर ठेवून दिलं. मिठाचं पाणीही केलं नाही, कारण नाक धुण्याचा प्रकार मी टीव्हीवरच्या बाबालोकांच्या खात्यात टाकून दिला होता. डॉक्टरबाईंना जाऊन विचारावं हे दोघांनाही सुचलं नाही. आमच्याकडे छापलेल्या शब्दाला प्रश्न विचारायची सवय नव्हती. तो एकतर आपला असायचा, नाहीतर शत्रूचा.

डेमोची तारीख लागली गुरुवारची. सोमवारी मला सलग तीन वाक्यं बोलता येत नव्हती. मी आरशासमोर घड्याळ लावून उभी राहायचे. चार मिनिटं. साडेतीन. एकदा सहा. मंगळवारी मी आरशासमोर बसून खरोखरच रडले, आणि आईला कळलंसुद्धा नाही, कारण माझा चेहरा तसाच होता.

त्याच दुपारी वैजापूरहून मावशी आली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आगं माय, काय दशा करून घेतलीस. कामून इतकी तरफडायलीस?” पिशवीतून तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधलेल्या सहा पुड्या काढल्या. “बाजाराच्या दिवशी येतो एक जण. आमच्याकडं समदे घेतेत. एक घे, सकाळी बघ.”

“यात काय आहे मावशी?”

“औशद हाय. अजून काय असंल?”

“लिहिलेलं नाही काही.”

“तुझ्या बापानं लिव्हलेल्या कागदानं कुणाचं नाक उघडलं का कधी?” आई स्वयंपाकघरात हसली. मी नाही.

मला माहीत होतं. हे मला लिहून ठेवायलाच हवं. मला कुणी फसवलं नाही. गल्लीतल्या काकूंचा फुगलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि हातात पुडी होती. मी बाबांना दिसणार नाही अशा बेतानं न्हाणीघरात जाऊन ती पाण्याबरोबर गिळली. दुसरी बुधवारी सकाळी.

बुधवारी दुपारी मला फोडणीचा वास आला. लसूण आणि जिरं. महिन्याभरात पहिल्यांदा. मी आरशासमोर उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलले, मग अजून दहा, नुसतं बोलता येतंय म्हणून. मधेच काकूंचा चेहरा आठवायचा. पण त्यावर मात करून एक गोष्ट सारखी वर येत होती: उद्या.

चार वाजता कॉलेजातून फोन आला. समितीतल्या एका सदस्यांना अडचण आली होती. मुलाखती तीन आठवडे पुढे.

मी फोन ठेवला आणि उरलेल्या चार पुड्यांकडे बघत बसले. तीन आठवडे. चार पुड्या संपल्या की मावशीला निरोप, मावशीकडून आणखी पुड्या, मग आणखी. काकूंनी हेच केलं होतं. त्यांनाही कुठला तरी गुरुवार गाठायचा असणार. माझ्या चार पानांत मी त्यांना अडाणी म्हटलं होतं, पण त्यांचा गुरुवार विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुड्या घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक उघडली, बोटावर घेतली, परत बांधली.

“किती घेतल्या?”

“दोन.”

“एवढ्यावर थांबा. स्प्रे का सोडला?”

“आतल्या कागदावर स्टेरॉईड लिहिलं होतं.”

“आणि पुडीवर काय लिहिलं होतं?”

“पुडीवर काहीच लिहिलं नव्हतं.”

त्या हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी कागद घेऊन नाकाचं चित्र काढलं. स्प्रेतलं औषध अगदी थोडं असतं आणि बहुतेक जागेवरच काम करतं. पुडीतलं, ते जर त्यांना वाटत होतं तेच असेल तर, पोटातून सगळ्या अंगभर फिरतं, आणि किती आहे ते बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं. “नाव एकच असलं म्हणून माप एक नसतं. तुम्ही मास्तरीण आहात, तुम्हाला मी हे सांगायचं?” मग थांबून म्हणाल्या, “तीन आठवडे आहेत ना? आजपासून सुरू करा. डोकं जरा खाली, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. आणि नाक धुवा. मिठाच्या पाण्याला कुठला पक्ष नसतो.”

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं, न्हाणीघरासकट.  त्यांनी गठ्ठ्यांवरचं खोकं काढून पुसलं. “त्या कागदावर माप व्हतं का?”

“होतं.”

“मंग आपून वाचलं कसं नाय?”

“वाचलं बाबा. तुम्ही आणि मी, दोघांनी.”

पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. पुड्यांचा अंमल उतरला आणि सगळं दुप्पट होऊन परत आलं. मी सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून बेसिनवर वाकायचे, एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून सोडायचे, मग स्प्रे मारायचे, मग बावीस-बावीस शिंका द्यायचे. उरलेल्या पुड्या मी डॉक्टरबाईंच्याच टेबलावर सोडून आले होते, आणि सातव्या-आठव्या दिवशी त्याचा मला पश्चात्ताप झाला. खोटं कशाला लिहू, मावशीचा नंबर मी दोनदा लावला आणि दोनदा कापला. बाबा रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचे, “आज?” मी मान हलवायचे.

बाराव्या की तेराव्या दिवशी चहाला आल्याचा वास होता.

तिसऱ्या डेमोला विषय मीच मागून घेतला, तोच. धूळ उडू नये म्हणून खडू ओला करून रुमालाशेजारी ठेवला. कॉलेजच्या मागच्या प्लॉटमधलं गाजर गवत पांढरंशुभ्र फुललेलं खिडकीतून दिसत होतं. त्याच खिडकीजवळ जाड भिंगांचे सर होते. समानतेचा हक्क झाला. स्वातंत्र्याचा हक्क सुरू झाला. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती.

आणि एक शिंक आली.

सरांनी चष्म्यावरून वर पाहिलं. चौघंही थांबले. दुसरीची वाट पाहत होते. मीही पाहत होते, रुमाल धरून, श्वास रोखून, टाळूला आतून खाज येते का ते चाचपत.

आली नाही.

“कलम एकवीस,” मी म्हणाले, “जीविताचा हक्क,” आणि पुढची सहा मिनिटं बोलत राहिले.