किटली आणि क्ष

मुलीच्या गणिताच्या वहीचं पान उघडलं आणि एकेका ओळीत चार-चार फुल्या पाहून मी हळहळलो, "अगं सायली, सगळंच चुकलं की गं! सरांनी एक ओळसुद्धा सोडली नाही." तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पप्पा, त्या फुल्या नाहीत. तो एक्स आहे." भिंगारमधल्या साऱ्या क्लासांची फी विचारून, निमूट घरी येऊन, 'मीच शिकवतो तुला' असं छाती काढून म्हटल्याला तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती.

माझा तरी काय दोष… माझ्या बालपणीचा तो अज्ञात 'क्ष' होता आणि त्याला मळीचा वास होता. कोपरगावकडच्या आमच्या गावात थंडी पडली, साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उकळत्या रसाचा गोड आणि मळीचा आंबूस दर्प धुक्यात मिसळून थेट अंथरुणापर्यंत येई, आणि त्या दर्पातून मी काखेत वही मारून अण्णांच्या ओसरीकडे निघे. अण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की उरतो तो ऊस, बीजगणित म्हणजे तेवढंच, असं ते सांगत. त्यांची फी म्हणजे रोज किटलीभर दूध. ती किटली घेऊन यायची माझी अक्का — माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सातवीनंतर शाळेतून काढलेली. दूध ओतून झालं की ती अंगणातल्या रांजणाशी किटली विसळत बसे. एकदा, दोनदा, तीनदा… मी आत पोत्यावर बसून डुलक्या काढी आणि ती बाहेर किटली विसळता विसळता शिके. मग घरी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं समीकरण मांडून तीच ते मला शिकवी. "आरं ठोंब्या, बाजू बदलली की चिन्ह बदलतं! किती येळा सांगू?"

संक्रांत झाली आणि म्हैस आटत आली. उरलेल्या दुधाकडे पाहून दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "आता हे पोरालाच पिऊ द्या. क्लास काय, न्हाई झाला तरी चालतंय." मला केवढा आनंद झाला! वर्गसमीकरणाच्या उंबऱ्यावर माझी सुटका झाली. पितळी पेल्यातलं ते साय धरलेलं दूध मी ओठांवर मिशी उमटेपर्यंत प्यायलो. अक्का समोर रिकामी किटली राखेनं घासत होती… घासतच होती.

आणि आता सायलीही नेमकी वर्गसमीकरणाशीच अडलेली. दहावीची परीक्षा तोंडावर. गणित राहिलं तर तिला हवा असलेला डिप्लोमाही राहिला. मोबाईलवरचे धडे तिनं पाहून पाहून पाठ केले, पण तिथल्या सरांना मधेच थांबवून 'हे कसं आलं?' असं विचारता येत नाही. विचारायचं तरी कुणाला? शेवटी मी राजूरकडे दिलेल्या अक्काला फोन लावला. स्पीकरवर आधी तिचं हसू आलं.

"क्ष हाय व्हय अजून? मला वाटलं, मेला आसंल कवाच." मग म्हणाली, "सायले, बाजू बदलली की चिन्ह बदलतं, येवढंच ध्यानात हाय बघ. माझं तर लग्नातच बदललं. म्होरलं… म्होरलं न्हाई येत बाय मला. म्हस आटली ना तवा."

"असू दे, आत्या," सायली म्हणाली. तिनं वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि आत निघून गेली.

मी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी ती काहीतरी खोचक बोलते आणि मला हलकं वाटतं. पण तिनं वर आलेलं दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"वही अक्कांच्या हातात द्यायची होती हो. किटली तुम्ही न्यायची होती."