सारखे दिसणारे फोटो

फ्लेक्सच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या कॉम्प्युटरवर एकाच फायलीच्या 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरं', 'आता हीच' अशा कॉप्या साचायच्या, तसंच किश्श्यांचं. पोपट सांगतो तो एक, मी सांगते तो दुसरा, आणि शब्बीरभाई सांगतात त्यात चूक कायम माझी असते! म्हणून म्हटलं, एकदा माझी कॉपी सेव्ह करून ठेवावी.

दुकान राहुरीत, स्टँडजवळ. मालक शब्बीरभाई, मशीनवर पोपट आणि डिझाईनला मी, वंदना. लग्नाचे, मिरवणुकीचे फोटोही आम्हीच काढतो. लग्नं, गणपती, निवडणुका येतात आणि जातात. बारमाही धंदा दोनच गोष्टींचा, वाढदिवस आणि श्रद्धांजली. शब्बीरभाई म्हणतात, "जन्माला आलेला माणूस आपल्याकडं दोनदा येतो. पहिल्यांदा स्वतः येतो. दुसऱ्यांदा त्याचा फोटो येतो."

*

एकदा मी रजेवर होते. तेवढ्यात एक बागाईतदार वारले आणि फ्लेक्स तासाभरात पाहिजे म्हणून माणसं दारात उभी. शब्बीरभाई स्वतः बसले डिझाईनला. मागच्याच वर्षीची वाढदिवसाची फाईल तयार होती. त्यांनी केक काढला, फुगे काढले, 'हार्दिक शुभेच्छा' काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, फोटो काळा-पांढरा केला. खालची ओळ तेवढी राहिली.

फ्लेक्स चौकात लागला. मयताच्या फोटोखाली ठळक अक्षरात 'शुभेच्छुक' आणि त्यात पहिलंच नाव धाकट्या भावाचं! दोघा भावांची बांधावरून कोर्टात केस चालू होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक. शब्बीरभाई हात जोडून घरच्यांची माफी मागत होते आणि पोपट शिडीवर चढून फ्लेक्स उतरवत होता. वरूनच म्हणाला, "भाई, पहिल्या नावापुरतं बरोबर छापलंय की!"

हसू नका. त्या घरी चूल पेटली नव्हती. पण पोपटचं तोंड कोण धरणार?

तेव्हापासून दुकानात नियम झाला. गेलेल्या माणसाचं काम जुन्या फायलीत करायचं नाही. आधी फोटोची कॉपी करायची, ती 'पुण्यस्मरण' फोल्डरमध्ये ठेवायची आणि काय कापाकापी करायची ती तिथं करायची. नियम चांगला होता, पण त्यामुळं एकच माणूस आमच्या हार्ड डिस्कवर चार-चार ठिकाणी राहायला लागला.

*

तुकाराम आप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. ते आले आणि स्वतःच्याच श्रद्धांजलीची ऑर्डर दिली.

मी म्हटलं, "आप्पा, असं अभद्र काय बोलता?"

"अभद्र कशाचं? पोरं पुन्याला हायती. ऐन टायमाला घाईघाईत आधार कार्डावरला फोटो लावतील. त्या फोटोत मी चोरावानी दिसतो!"

त्यांनी डिझाईन पास केलं, फुलांचा रंग बदलून घेतला, 'कै.' जरा मोठं करायला लावलं. त्यानंतर दर दिवाळीच्या आसपास यायचे आणि फोटो बदलायचे. एका वर्षी गाल बसलेले, एका वर्षी कवळी नसलेली. "यंदाचा घ्या. जसा हाय तसा दिसाया पायजे." दरवेळी नवी फाईल व्हायची. छापायची वेळ काही येत नव्हती. पोपट म्हणायचा, "आपलं एवढं एकच गिऱ्हाईक आहे, ज्याला डिलिव्हरीची घाई नाही."

*

सुमनबाई मात्र दर वर्षी खरोखरच्या फ्लेक्ससाठी यायच्या. मुळा नदीच्या काठच्या एका गावातल्या. त्यांचा मुलगा विशाल मित्राच्या मागं गाडीवर बसून शनिशिंगणापूरला दर्शनाला निघाला होता. नगर-मनमाड रोडवर ट्रकनं उडवलं. विशाल जागेवर गेला. गाडी चालवत होता तो सागर वाचला. दोघं एकाच गल्लीतले, लहानपणापासून एका ताटात जेवलेले.

विशालचा बरा फोटो एकच, आमच्या दुकानानं गणपतीच्या मिरवणुकीत काढलेला. दोघंही गुलालानं माखलेले, सागरचा हात विशालच्या खांद्यावर, दोघांचं तोंड हसून फाटलेलं.

पहिल्या वर्षी सुमनबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्याला कापा. ह्याचं त्वांड मला पुन्ना दावू नका."

मी सागरला कापलं. पण विशालच्या खांद्यावर त्याची चार बोटं उरली. चौकड्याचा शर्ट, रेघेला रेघ जुळवत बोटं पुसायची म्हणजे डोळ्यांची वाट. मी पुसली. दुसऱ्या वर्षी फ्लेक्स मोठा केला तर बोटांची सावली दिसायला लागली. "ताई, अजून हाय हात," त्या म्हणाल्या. मी पुन्हा पुसली. पुढच्या वर्षी पुन्हा. एवढी नजर आमच्या कुठल्याच गिऱ्हाइकाला नव्हती. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटायची. तिच्या पोराच्या खांद्यावरचं ते, तिला दिसणारच.

*

मग हार्ड डिस्क भरली. कॉम्प्युटर इतका संथ झाला की फाईल उघडेपर्यंत पोपटचा चहा पिऊन व्हायचा. नवी डिस्क घ्या म्हटलं, तर शब्बीरभाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ काढून दाखवला. डुप्लिकेट फाईली शोधून पुसणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट!

पहिल्या दिवशी त्यानं फक्त हुबेहूब फाईली शोधल्या. सगळ्यात जास्त कॉप्या कुणाच्या निघाल्या असतील? आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांच्या. हात जोडलेला तोच फोटो बारशात, लग्नात, उद्घाटनात आणि मयतात. स्क्रीनवर खालपर्यंत तेच ते, थांबायलाच तयार नाहीत.

पोपट म्हणाला, "पाच वर्षांत एकदा दिसणारा माणूस! हितं पाहा, हटेना!"

त्यांची एक कॉपी ठेवली आणि बाकी पुसल्या. निम्मा प्रश्न तिथंच सुटला. तिथंच थांबलो असतो तर हे पुढचं लिहायची वेळ आली नसती.

*

शब्बीरभाईंना अजून जागा पाहिजे होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक पर्याय होता, 'सारखे दिसणारे फोटो'. तो लावला की ते जवळपास सारखे दिसणारे फोटो गोळा करतं, त्यातली सगळ्यात मोठी फाईल ठेवतं आणि बाकीच्या कायमच्या पुसतं. मी म्हटलं, एकदा नजर तरी टाकू. शब्बीरभाई म्हणाले, "मशीन आहे ते, तुझ्या-माझ्यापेक्षा नीट बघतं." आणि बटण दाबलं.

महिन्याभरानं पुणतांब्याहून एक वडील आले. लेकीच्या लग्नाचे फोटो पुन्हा पाहिजे होते. लेक माहेरी परत आली होती, केस उभी राहिली होती आणि सासरचे म्हणत होते की सोनं घातलंच नव्हतं. अल्बम सासरी. गळ्यातला हार दिसेल असा फोटो फक्त आमच्याकडं.

मी फोल्डर उघडला. त्या सीझनला एकाच कार्यालयात, एकाच स्टेजवर, त्याच लाल सोफ्यावर आम्ही कितीतरी लग्नं काढली होती. मेकअप एकाच पार्लरचा, शालूही भाड्याचे. सॉफ्टवेअरनं सगळ्या नवऱ्या एकत्र केल्या आणि एक ठेवली.

वडील स्क्रीनकडं वाकून बघत राहिले. "ही माझी पोरगी न्हाई."

शब्बीरभाईंनी नगरला फोन केले, डिस्क तिकडं नेऊन दाखवली. जुन्या जागेवर नव्या फाईली बसल्यात, आता काही निघणार नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. शब्बीरभाई त्या वडलांना म्हणाले, "मी कोर्टात येतो. शपथेवर सांगतो, हार माझ्या डोळ्यांनी बघितला."

"डोळ्यांचं कोन ऐकतंय, भाई? फोटूच मागत्यात."

ते रिकाम्या हातानं गेले.

*

आप्पांच्या सगळ्या श्रद्धांजल्या एकसारख्याच. तीच फुलं, तीच चौकट, तीच ज्योत. सॉफ्टवेअरनं त्यातली सगळ्यात मोठी फाईल ठेवली, ती नेमकी सगळ्यात जुनी निघाली. त्यात आप्पांचे गाल भरलेले आणि दात जागेवर.

त्या दिवाळीला आप्पा आले नाहीत. त्यांचा मुलगा आला. मी ती उरलेली फाईल उघडली, तसा तो बघतच राहिला. "इतके चांगले दिसायचे आप्पा? मी तर शेवटी शेवटी..."

आप्पांना 'जसा हाय तसा' फोटो पाहिजे होता. मी ते त्याला सांगितलं नाही.

*

आणि मग मला सुमनबाई आठवल्या. 'पुण्यस्मरण' फोल्डर उघडला. मी कापलेले, बोटं पुसलेले विशालचे सगळे फोटो गेले होते. मूळ फोटोसारखे दिसत होते ना! आणि मूळ फोटो सगळ्यात मोठा, म्हणून तेवढा राहिला होता. गुलालातले दोघं, खांद्यावर हात.

म्हणजे नुकसान काहीच नव्हतं, पुन्हा कापला की झालं. त्या बाईच्या डोळ्यांसमोर तो फोटो उघडायची वेळ येऊ नये, एवढंच मला बघायचं होतं. त्यांचा यायचा आठवडा जवळच आला होता. उद्या करते, परवा करते म्हणत मी इतर कामांत अडकले.

एके दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. डोकं भादरलेलं, पायांत चपला नव्हत्या.

"सागरचा बाप मी. परवा दहावा हाय त्याचा."

मी पोपटकडं बघितलं. पोपटनं मशीन बंद केलं.

"ॲक्सिडेंटात वाचला म्हनत्यात लोकं त्याला," ते म्हणाले. "कशाचा वाचला? तवापास्नं बाटलीच धरली त्यानं. लिव्हर गेलं. मोबाईलातला एकूणएक फोटू पुसला हुता, पुन्ना कुनाला काढू दिला न्हाई. घरात सोधला, एक न्हाई. तुमच्या मानसानं गनपतीत काढल्याला तेवडा आसंल."

मी तो फोटो उघडला. दुसरा इलाज नव्हता. ते खुर्ची ओढून पुढं बसले आणि पोराच्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिले. मी विशालला कापायला घेणार, तेवढ्यात दारात सुमनबाई.

दर वर्षीसारख्याच आल्या होत्या, पिशवी घेऊन, फ्लेक्सला. मी घाईघाईनं फोटो बंद करायला गेले आणि माझ्याच हातानं तो आणखी मोठा झाला. सगळ्या स्क्रीनवर दोघं.

सागरचे वडील उठून उभे राहिले. "वैनी, तुमचं आदी करून घ्या. मी थांबतो भाईर."

सुमनबाई दारातच थांबल्या. त्यांचं लक्ष सागरच्या वडलांच्या भादरलेल्या डोक्याकडं होतं. मग त्या स्क्रीनसमोरच्या खुर्चीवर बसल्या. शब्बीरभाईंनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं.

"दर साली पुण्यस्मरनाला यिऊन उंबऱ्याभाईर बसायचा," त्या म्हणाल्या. "एका सबुदानं बोलायचा न्हाई. मी लई तळतळाट दिला त्याला."

"ठावं हाय, वैनी."

"एकदाबी त्याला जेव म्हनले न्हाई."

सागरच्या वडलांनी उपरणं तोंडाला लावलं. बाहेर स्टँडवर गाड्या पुकारल्या जात होत्या.

सुमनबाईंनी पाणी खाली ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, ह्यो एकच फोटू ऱ्हायलाय व्हय?"

"हो."

"मंग दोन फलेक्स कशाला? दोघांचा एकच करा. दहाव्याच्या दिशीच लावू."

सागरच्या वडलांनी मान हलवली. मी चौकट घेतली, फुलं घेतली, दोघांची नावं टाकली. इतक्या वर्षांची सवय, माझा माऊस आपसूक विशालच्या खांद्याकडं गेला, त्या चार बोटांवर.

सुमनबाईंनी माझं मनगट धरलं.

"ते नका पुसू."