शिळे पाणी

माझी रोजनिशी, १४ मे, गुरुवार. पाणी वेळेवर आले, दाब बरा. चढावरच्या घरांत मात्र आजही थेंब नाही. चावीवाल्याला तिथे बरेच ऐकून घ्यावे लागले.

चावीवाला म्हणजे गल्लीचे पाणी सोडणारा. खांद्यावर लांब लोखंडी चावी, स्वभाव थंड. पण या वेळी बोलणारा त्याचा व्याहीच होता. चढावरच्या शेवटच्या घरात चावीवाल्याने आपली लेक दिली होती, आणि ती ओली बाळंतीण असूनही खालून कळश्या वाहत होती.

"काय व्याही, पाणी सोडता की नुसती चावी फिरवता?" व्याही चारचौघांत म्हणाला. "परवापर्यंत नळाला पाणी आलं नाही, तर लेकीला आणि नातवाला घेऊन जा खाली. तुमच्याकडे पूर आहे म्हणे!"

लेक दारात उभी होती. तिने रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि ती चढ उतरू लागली; तेच चावीवाल्याच्या जिव्हारी लागले.

पाइप फुटला असेल, असे त्याला वाटले. शुक्रवारी पाणी सोडून तो गल्लीभर वाकून पाहत फिरला. गळती कुठेच नव्हती. गटार मात्र दुथडी भरून वाहत होते, आणि तेही नितळ पाण्याने. त्याच्या काठाने चालत तो थेट स्वतःच्या अंगणात पोचला. आई पिंप आडवे करत होती.

"अगं आई, भरलेलं पिंप ओततेस?"

"मग? कालचं आहे ते. शिळं पाणी कोण पितं?"

"धरणात वर्षभर साठलेलं चालतं, आणि आपल्या पिंपात एका रात्रीत शिळं होतं?"

शेजारीही बादल्या रिकाम्या होत होत्या. सगळेच ओतणार, सगळेच पुन्हा भरणार. खालचे नळ बंदच झाले नाहीत, तर वर दाब पोचणार कसा?

"आई, तुझी नात कळशी घेऊन चढ चढते ना, ती या पाण्यापायी."

म्हातारीने पिंप सरळ केले.

शनिवारी नळ येण्याआधीच ती गल्लीत खुर्ची टाकून बसली. कोणी बादली कलंडली की विचारायची, "काय गं, किडे पडले का त्यात?"

"आजी, कालपर्यंत तुम्हीच ओतत होतात की!"

"होते ना. आता तू माझ्यासारखी म्हातारी होईपर्यंत थांबू नकोस."

गल्ली हसली. भांडी भरलेलीच होती, त्यामुळे नळ भराभर बंद झाले.

चावीवाला वर लेकीच्या नळाशी उभा होता. नळ आधी फुसफुसला, मग गढूळ खोकला, मग धार लागली. व्याह्याने आतून खुर्ची आणली.

"बसा, चहा घेऊन जा. पाणी तुमचंच आहे."

त्या संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिले: आज आम्हीही पिंप ओतले नाही. वरून नवे पाणी भरले आणि झाकण लावले.